घडीव जाळी आणि झिलईची सुरई : इंकस्केपमधल्या कामाच्या नोंदी

ठाण्यात वहिनींचा मातीकामाचा वर्ग चालतो. तिथल्या भिंतीसाठी ए-२ आकाराचं (४२० × ५९४ मिमी) चित्र करायचंय. मागे घडीव लोखंडाची जाळी, पुढे ओट्यावर झिलई दिलेली सुरई आणि शेजारी एक साधं मडकं. सगळं काम इंकस्केप १.४ मध्ये, म्हणजे संगणकावर रेघा आणि आकारांनी चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये. मेनूतली नावं इंग्रजी इंटरफेसमधली आहेत, इथे देवनागरीत लिहितोय.

लोखंड आणि माती ही जोडी मी उगाच जुळवलेली नाही. १८५७ साली सुरू झालेल्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टमध्ये, म्हणजे आजच्या जे. जे.मध्ये, १८६५च्या सुमारास तीन कार्यशाळा निघाल्या. रंगकाम ग्रिफिथ्सकडे, मूर्तिकाम लॉकवुड किपलिंगकडे आणि घडीव लोखंड हिगिन्सकडे. पुढे १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी तिथेच कुंभारकाम चालू केलं आणि त्या भांड्यांवर अजिंठ्याच्या भिंतींवरची नक्षी उतरली. व्हीटी स्टेशनचे शोभिवंत कठडे आणि तिकीटघराच्या जाळ्या याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी केल्या. चित्रात जुनं एखादं भांडं हुबेहूब उतरवायचं नाहीये, पण वळण तिथलं हवं.

२ ऑगस्ट, शनिवार

संदर्भासाठी आधी सीएसएमटी, मग भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. रात्री फोटो लावून बसलो तेव्हा लक्षात आलं की निम्म्या फोटोंचा या कामाला उपयोग नाही. संग्रहालयातले खांब बिडाचे, साच्यात ओतलेले. बिडाचं पान मध्ये फुगीर आणि देठाशी बारीक असू शकतं, साचा म्हणेल तसं. घडीव कामात लोहार पट्टी किंवा सळई तापवून वाकवतो, त्यामुळे जाडी सगळीकडे एकच. बदलते ती टोकाला, जिथे हातोडा पडतो. वरून काळा रंग बसला की फोटोत दोन्ही सारखंच दिसतं, आणि नेटवर 'घडीव' म्हणून मिळणाऱ्या तयार नक्ष्यांमध्ये बिडाची पानं सर्रास घुसवलेली असतात. कच्च्या रेखाटनातली सगळी पानं खोडली.

३ ऑगस्ट

कागद मिमीमध्ये, प्रमाण १:३. खरी जाळी ९०० × १२०० मिमी धरली, कागदावर ३०० × ४००. चौकटीची सळई चार सुती, म्हणजे अर्धा इंच, कागदावर साधारण ४ मिमी. वेलबुट्टीला २० × ५ ची पट्टी.

पट्टी ५ मिमीची रेघ म्हणून काढली, दिसायला दणकट म्हणून. प्रिंट घेऊन नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांना दाखवली. ते म्हणाले, "ही कुठली पट्टी? समोरून पट्टीची धार दिसते, रुंदी आत जाते." बरोबर होतं. गोल वळवायची तर पट्टी सपाट बाजूनेच वळते, धारेवर वळवायला कोण जाणार? त्यामुळे समोरून दिसतात ते पाचच मिमी, कागदावर जेमतेम पावणेदोन. जाळी एकदम नाजूक झाली आणि पहिल्यांदाच खरी वाटली.

सर्पिलासाठी, म्हणजे वेलीच्या गोल वळणासाठी, स्पायरल टूल. त्यात डायव्हर्जन्स १ असेल तर सगळ्या वेढ्यांमधलं अंतर सारखं येतं, डासांच्या अगरबत्तीसारखं. लोहाराची वेल बाहेर जाताना मोकळी होत जाते. आकडा १ च्या वर नेला की मध्य घट्ट आणि बाहेरचे वेढे सैल होतात. मी १.६ वर थांबलो. वेढे दीडच, त्याहून जास्त घेतले की मिठाईच्या दुकानाच्या पाटीवरचं काम वाटायला लागतं.

९ ऑगस्ट

आजची संध्याकाळ वाया गेली. मोठ्या वेलीतून छोटी वेल करायला ती लहान केली की रेघही बारीक होत होती. चौकटीजवळ १.७ मिमी, कोपऱ्यात ०.८. पूर्ण जाळी लांबून लेससारखी दिसत होती आणि कारण सापडेना, कारण प्रत्येक तुकडा सुटा पाहिला तर ठीक वाटायचा. सिलेक्ट टूल घेतल्यावर वरच्या पट्टीत उजवीकडे चार छोटी बटणं असतात. पहिलं रेघेच्या जाडीचं. ते चालू असेल तर वस्तूबरोबर जाडीही लहान-मोठी होते. बंद केलं आणि सगळ्या वेलींना जाडी परत दिली. या कामाला बसताना पहिल्यांदा हे बटण बंद करा.

१० ऑगस्ट

काकांकडे वेलीसाठी लोखंडी फर्मा असतो, एकाच फर्म्यावर सगळ्या पट्ट्या वळतात. इंकस्केपमध्ये त्याच्या जागी क्लोन, म्हणजे मूळ आकाराशी जोडलेली प्रत (ऑल्ट + डी). मूळ वेलीचा एक नोड (रेघेवरचा बिंदू) हलवला की सगळ्या जागच्या वेली बदलतात. मोठी, मधली आणि लहान असे तीन फर्मे केले, कागदाच्या बाहेर वेगळ्या लेयरवर (थरावर) ठेवले. जाळीत जे काही आहे ते या तिघांचे क्लोन, काही उलटे, काही आडवे.

स्पायरल टूलची वस्तू आधी पाथ, म्हणजे नोड हलवता येतील अशी रेघ, करून घ्यावी लागते (शिफ्ट + कंट्रोल + सी), नाहीतर शेपूट जोडता येत नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी, पण काकांचं दुकान अर्धं उघडं होतं. जाळी पाहून त्यांनी विचारलं, "हे सगळं धरलंय कशानं?" वेली एकमेकींजवळ होत्या, काही नुसत्या शेजारी, काही एकमेकींवरून गेलेल्या. हल्ली जिथे पट्टी पट्टीला टेकते तिथे वेल्डिंगचा टाका मारतात. जुन्या कामात टाका नव्हता. दोन पट्ट्या टेकतात तिथे तापवलेल्या छोट्या पट्टीचा बंद गुंडाळायचे. गार होताना तो आवळून बसायचा. नाहीतर रिव्हेट.

म्हणजे प्रत्येक वेल कुठेतरी टेकलीच पाहिजे, आणि टेकताना स्पर्शरेषेत. घरी येऊन प्रत्येक सांधा तपासला. ज्या वेली हवेत होत्या त्या सरकवल्या, ज्या दुसरीला कापत होत्या त्या मागे घेतल्या. स्नॅपिंगमध्ये (वस्तू आपोआप नेमक्या जागी चिकटवणारी सोय) पाथ आणि स्पर्शरेषा दोन्ही चालू केलं की काम हलकं होतं. बंद म्हणजे २ × ५ मिमीचा आयत, कोपरे थोडे गोल, सांध्याच्या दिशेला फिरवलेला. चित्रात सगळ्यात जास्त फरक या चिमुकल्या आयतांनी पडला. डोळा सांधे शोधत असतो असं दिसतंय.

१६ ऑगस्ट

वेलीची टोकं. लोहार टोक ठोकून पसरवतो, माशाच्या शेपटीसारखं, किंवा बारीक करून आत वळवतो. त्यासाठी पाथ इफेक्टमधला पॉवर स्ट्रोक. रेघेवर जाडीचे दांडे येतात, ओढायचे. दोनच ठेवा: एक टोकाला, एक टोकापासून बोटभर आधी. जास्त टाकले की मधेच जाडी फुगते आणि पुन्हा बीड दिसायला लागतं. इफेक्ट फर्म्यालाच लावला, क्लोननी आपोआप उचलला.

२३ ऑगस्ट

प्रकाश. इथे सर्वाधिक वेळ गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला मार्ग सोपा: काळ्या रेघेवर तीच रेघ, बारीक आणि करडी, मधोमध. झालं काय, पट्टीचा पाइप झाला. गोल नळीवरच चमक अशी मधून सलग धावते. पट्टीला सपाट बाजू आणि कडा असतात. चमकते ती प्रकाशाकडे तोंड असलेली कड, आणि वेल वळली की तीच कड अंधारात जाते.

दुसरा मार्ग: रेघेचा आकार करायचा (स्ट्रोक टू पाथ, कंट्रोल + ऑल्ट + सी), त्याची प्रत काढून ती उजवीकडे-खाली ०.४ मिमी सरकवायची, आणि मूळ आकारातून ती वजा करायची (डिफरन्स). उरते ती फक्त वरची-डावी कड, वळणानुसार आपोआप जाड-बारीक होणारी. तिला करडा रंग. उलट्या दिशेने तेच केलं की सावलीची कड मिळते. हे जमलं.

मग सगळी जाळी एकदाच युनियन करून, म्हणजे सगळ्याचा एकच आकार करून, हेच केलं, वेळ वाचावा म्हणून. जाळी पत्र्यातून लेझरनं कापल्यासारखी सपाट झाली. युनियनमध्ये सांधे विरघळतात, कोण पुढे कोण मागे ते कळत नाही. प्रत्येक पट्टी वेगळीच ठेवावी लागते.

मग फर्म्यालाच प्रकाश देऊन पाहिला, म्हणजे क्लोन आपले उचलतील. उलटे क्लोन उजेडही उलटा घेऊन आले. जाळीच्या डाव्या अर्ध्यावर सूर्य डावीकडे, उजव्या अर्ध्यावर उजवीकडे. खरं तर पडद्यावर हे दिसलंच नव्हतं, वहिनींनी मोबाइलवरचा फोटो पाहून विचारलं, "भाऊजी, या घरात दोन खिडक्या आहेत का?"

शेवटी ठरलेला क्रम असा. फर्म्यांचा आणि क्लोनचा लेयर तसाच ठेवायचा. त्या लेयरची प्रत काढायची, प्रतीतले क्लोन सुटे करायचे (शिफ्ट + ऑल्ट + डी), मग आकार करून एकेका पट्टीला प्रकाश द्यायचा. नक्षी बदलली तर प्रत टाकून द्या आणि पुन्हा करा. कंटाळवाणं आहे, पण मूळ लेयर शाबूत राहतो.

आकार केल्यावर नोड फार वाढतात. सिम्प्लिफाय (कंट्रोल + एल) एकदाच द्या. लागोपाठ दाबलं की दर वेळी त्याचा जोर वाढत जातो आणि वेलीची वळणं बिघडतात.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. काम बंद. काका मंडळाच्या मांडवाच्या सांगाड्यात, प्रिंटवाला फ्लेक्समध्ये.

७ सप्टेंबर

सुरई. अर्ध्या बाजूची बाह्यरेषा पेन टूलनं, बाकी अर्धी मिरर सिमेट्री इफेक्टनं, फ्यूज पाथ्स चालू ठेवून. दहा मिनिटांत देखणी सुरई तयार. वहिनींना ती पसंत पडली नाही. खांदा जवळजवळ आडवा काढला होता. "हा ओला असतानाच बसेल. आणि एवढी लांब मान एका गोळ्यातून कशी निघेल? मान वेगळी करतात, स्लिप म्हणजे पातळ चिखल लावून जोडतात." खांद्याला उतार दिला, मानेच्या मुळाशी सांध्याचा बारीक वळ काढला. जाळीतल्या बंदांचंच काम इथे हा वळ करतो.

लंबवर्तुळांचा घोळ वेगळाच. तोंड लंबवर्तुळ आणि बूड सरळ रेघ, असं अर्धं जग काढतं. नजरेची रेषा एकदा ठरवली की तिच्या जितकं खाली जाल तितकी वर्तुळं उघडत जातात. मी कामचलाऊ नियम वापरला: नजरेच्या रेषेपासूनचं खालचं अंतर भागिले पाहणाऱ्याचं अंतर, म्हणजे लंबवर्तुळाची उंची भागिले रुंदी. पाहणाऱ्याचं अंतर कागदाच्या मापात ६०० मिमी धरलं. तोंड रेषेच्या ३० मिमी खाली, म्हणून ०.०५. खांदा ८० खाली, ०.१३. बूड १८० खाली, ०.३०. तोंडापेक्षा बूड सहापट उघडं! आधी खोटं वाटतं, पण गाइड (मापासाठीच्या आखणीच्या रेघा) टाकून तपासलं तर सुरई एकदम ओट्यावर टेकते.

मडक्याला मात्र आईनं हरकत घेतली. "गोल बुडाचं मडकं ओट्यावर असं उभं राहतं होय रे?" मी बूड सपाट करून मोकळा झालो होतो. ते पुन्हा गोल केलं आणि खाली लोखंडी घडवंची काढली, तीन पायांची. तिचं कडंही नजरेच्या त्याच रेषेवर मोजून. एक वस्तू वाढली, पण जाळीचं लोखंड त्यामुळे मागून पुढे आलं आणि चित्र बांधलं गेलं.

१३ सप्टेंबर

सुरईच्या पोटावर कमळाच्या पाकळ्यांचा पट्टा, अजिंठ्याच्या छतांवर असतात त्या वळणाचा. पाकळ्या सारख्या रुंदीच्या काढून एन्व्हलप डीफॉर्मेशन या इफेक्टनं पट्टा वाकवला. वाकला, पण चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसत राहिला. पट्टा वर-खाली वळला होता, कडेला आकसला नव्हता.

पोटाची त्रिज्या कागदावर ४५ मिमी. पूर्ण फेऱ्यात २४ पाकळ्या धरल्या, म्हणजे एकीला १५ अंश, समोर दिसणाऱ्या १२. मध्यापासून कडेकडे प्रत्येकीची दिसणारी रुंदी त्रिज्या गुणिले साइनमधला फरक:

११.६, १०.९, ९.३, ७.२, ४.५, १.५ मिमी.

बेरीज ४५, म्हणजे हिशोब बरोबर. एवढ्या रुंदीच्या उभ्या गाइड टाकल्या आणि पाकळ्या हातानं त्यांत बसवल्या. शेवटची दीड मिमीची पाकळी नुसती एक रेघ होते आणि तीच गोलाई दाखवते. ती गाळायचा मोह होतो, गाळू नका.

१४ सप्टेंबर

झिलई. मेश ग्रेडियंट (आकारावरच्या जाळीच्या बिंदूबिंदूला वेगळा रंग देऊन मिसळलेल्या छटा) करून पाहिला, भांडं सुंदर झालं, पण फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर पोट गायब. ब्राउझर मेश दाखवत नाहीत. वर्गाच्या पानावरही हे चित्र जाणार असल्यानं मेश सोडला. साधा आडवा ग्रेडियंट, त्यावर भांड्याच्या कडेबाहेर न दिसणारे (क्लिप केलेले) धूसर आकार, आणि खांद्यावर खिडकीच्या आकाराची एक कडक पांढरी चमक. अशी चमक झिलईवरच पडते. मडक्यावर ती काढली की मडकं प्लास्टिकचं होतं, म्हणून तिथे नुसता मऊ उजेड.

वहिनींची शेवटची दुरुस्ती: झिलई बुडापर्यंत नेऊ नका, भट्टीत भांडं फळीला चिकटेल. बुडाजवळ ४ मिमी उघडी माती सोडली, वरची कड थोडी वेडीवाकडी. त्या पट्ट्यानं जेवढा खरेपणा आला तेवढा ग्रेडियंटच्या सगळ्या खटाटोपानं आला नव्हता.

मधे ब्लेंडर या त्रिमितीच्या प्रोग्राममध्येही सुरई फिरवून पाहिली, स्क्रू मॉडिफायर लावून. उजेड कसा पडतो ते कळायला उत्तम, पण तिचा रेंडर (तयार झालेलं चित्र) जाळीच्या रेघांशेजारी परका वाटतो. संदर्भापुरता ठेवला.

२० सप्टेंबर

ए-४ प्रूफ (चाचणीची छपाई), ६० रुपये. तीन गोष्टी बिघडल्या.

सुरईवरची धूसर सावली चौकटी-चौकटीची. पीडीएफ काढताना धूसर भाग बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, होतात आणि त्या खिडकीतला रिझोल्यूशनचा आकडा ९६ वर होता. ३०० केला.

पाकळ्यांच्या मधून केसासारख्या पांढऱ्या रेघा. दोन आकार कडेला कड लावून ठेवले की त्यांच्या मधून मागचं डोकावतं. मोठं करून पाहिलं की नाहीशा होतात, म्हणून पडद्यावर भरवसा ठेवता येत नाही. प्रत्येक पाकळी शेजारणीखाली ०.२ मिमी सरकवली आणि सगळ्यांच्या मागे पोटाच्या रंगाचा एक अखंड आकार टाकला.

झिलईचा फिरोजी रंग मेल्यासारखा. पडद्यावरचा तो चकचकीत फिरोजी छपाईच्या चार शायांत बसतच नाही. प्रिंटवाल्याकडून पाच छटांची पट्टी छापून घेतली (आणखी ६० रुपये) आणि कागदावर बरी दिसणारी, पडद्यावर जरा मळकट वाटणारी छटा निवडली. जाळीचा काळा रंगही तेव्हाच बदलला. निव्वळ काळ्यावर करडी कड उठत नव्हती, किंचित तपकिरी झाक दिल्यावर उठली.

२७ सप्टेंबर

ए-२ प्रिंट मॅट कागदावर, ४५० रुपये. फ्रेम १४००. चकचकीत कागद घेऊ नका, सुरईची काढलेली चमक आणि कागदाची चमक एकमेकींशी भांडतात. ०.४ मिमीच्या कडा छपाईत नीट उतरल्या. घडवंचीच्या मागच्या पायाची सावली फार गडद झाली आहे. आता राहू दे.

४ ऑक्टोबर

काकांना जाळीचा कोपरा आवडला. एका गिऱ्हाइकाच्या खिडकीला तो करून द्यायचाय, म्हणून "कंप्युटरची फाइल" मागितली. आधी आकार केलेली फाइल डीएक्सएफमध्ये (आराखड्यांच्या फाइलचा एक प्रकार) दिली. तिचा त्यांना उपयोग नव्हता, कारण प्रत्येक पट्टीला दोन कडा आणि त्यावर उजेडाचे तुकडे. त्यांना फर्म्यासाठी एकच मधली रेघ हवी होती आणि पट्टी किती लांब कापायची तो आकडा. जुना फर्म्यांचा लेयर इथे कामाला आला. पॉवर स्ट्रोक काढला, नुसते पाथ ठेवले, १:१ प्रिंट काढून दिली.

लांबीसाठी एक्स्टेन्शन्समध्ये व्हिज्युअलाइज पाथ, त्यात मेजर पाथ. स्केल फॅक्टरमध्ये ३ टाकला की खरी लांबी येते. मोठी वेल ८७२ मिमी आली. काका ९०० ची कापणार आहेत, टोक ठोकायला आणि पकडीत धरायला जास्तीची. लहान वेलीचं मात्र त्यांनी सांगून टाकलंय की इतका आतला वेढा त्यांच्या फर्म्यावर वळणार नाही, आतली त्रिज्या वाढवून द्या. मूळ फर्मा आज दुरुस्त केला. क्लोन सगळे बदलले, कोपऱ्यातला एक सांधा सुटलाय, तो उद्या बसवतो.